पाळणा लांबवायचा तर आधी पाणी जवळ हवं

महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 आहे. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला हा आकडा. 1992-93 च्या पहिल्या सर्वेक्षणात तो 2.9 च्या घरात होता. देशाचा त्याच काळात 3.4 वरून 2.0 वर आला. तरी लोकसंख्येवरची आपली चर्चा दोनच सुरांत चालते. जुना सूर म्हणतो, लोकसंख्येचा स्फोट झालाय, दोनच्या वर मुलं झाली की सवलती काढून घ्या. नवा सूर म्हणतो, उद्या माणसं कमी पडतील, तिसरं होऊ द्या, सरकार पैसे देईल. दोघांची समजूत मात्र एकच: मूल हा नवरा-बायकोच्या मर्जीचा मामला आहे आणि मर्जी वळवली की आकडा वळतो. मला हे मुळातच पटत नाही. किती मुलं हवीत हे बहुतेक घरांत कधीच ठरलेलं असतं. अडतं ते हाताशी काय आहे यावर. पाणी किती लांब आहे, सरपण कोण आणतं, दवाखाना कधी उघडा असतो, एक दिवस मजुरी बुडली तर काय होतं; आणि यातलं काय काय बाईला कुणाची परवानगी न मागता मिळतं.

आधी आकड्याकडे पाहू, कारण तो दाखवतो त्याहून जास्त झाकतो. 15 ते 49 वयाच्या बायकांचे पाच-पाच वर्षांचे सात गट करतात. प्रत्येक गटात हजार बायकांमागे वर्षाला किती जन्म झाले ते मोजतात. सर्वेक्षणात त्यासाठी मागची तीन वर्षं धरतात. सातही दरांची बेरीज करायची, पाचाने गुणायचं, हजाराने भागायचं. आजचे दर एखाद्या बाईला जन्मभर लागू राहिले तर तिला जितकी मुलं होतील तो हा आकडा. 2.1 ला पिढी आपली जागा भरून काढते. वरचा 0.1 कशासाठी, तर मुली मुलग्यांपेक्षा थोड्या कमी जन्मतात आणि जन्मलेल्यांपैकी काही आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत.

आता दोन बायका घ्या. एकीला अठराव्या आणि विसाव्या वर्षी मूल झालं, एकविसाव्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं. दुसरीला सत्ताविसाव्या आणि एकतिसाव्या वर्षी. दोघींच्या नावापुढे 2 हाच आकडा. पण पहिलीच्या घरात पिढी एकोणीस वर्षांत पालटते, दुसरीच्या एकोणतीस. शंभर वर्षांत पहिलीकडे पाच पिढ्या होतात, दुसरीकडे साडेतीनसुद्धा नाहीत. म्हणजे निव्वळ लोकसंख्येची काळजी करणाऱ्यानेही मुलांच्या संख्येइतकीच आईच्या वयाची काळजी करायला हवी. पहिलीची सुटलेली शाळा आणि अंगातलं रक्त यांचा हिशोब तर जननदरात कुठेच नाही. महाराष्ट्राच्या 1.7 मध्ये या पहिल्या बाईचा वाटा फार मोठा आहे. राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदी अर्धा टक्काही नाही. आणि 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या आहेत. आकडा उतरला, पण पाळणा लांबला नाही. तो लवकर हलला आणि लवकर थांबवला गेला.

साधनं वाढली की मुलं वाढतात की घटतात? इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसने 1798 मध्ये लिहिलं की अन्न वाढलं की माणसं वाढतात. (हे गृहस्थ पुढे हेलीबरीला ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात शिकवत होते. इथे कारभार करायला येणारे गोरे साहेब त्यांच्या वर्गात बसून येत.) शरीरापुरतं पाहिलं तर त्यात तथ्य आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली, आणि नऊ महिन्यांनी तिथले जन्म निम्म्यावर आले. पण ही उपासमारीची गोष्ट झाली. रोजच्या अर्धपोटी जगण्याने जननक्षमता फारशी घटत नाही, हे लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन बोंगार्ट्स यांनी 1980 मध्येच मांडलं. कुपोषित बाईला दिवस राहतात. तिची झीज होते, बाळ हलकं जन्मतं, आणि ते दगावलं की पुढचं लवकर येतं.

शरीराकडे स्वतःचं एक साधन मात्र आहे: अंगावरचं दूध. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या कुंग जमातीच्या बायकांची मुलं तासातून अनेकदा दूध पीत, आणि दोन बाळंतपणांत जवळपास चार वर्षांचं अंतर पडे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि बाळ दिवसरात्र फक्त आईच्या दुधावर. या तीनही अटी पाळल्या गेल्या तर शंभरातल्या दोनच बायकांना त्या सहा महिन्यांत दिवस जातात. फुकटचं, बिनदुष्परिणामाचं साधन. पण ते वापरायला आई बाळाजवळ असावी लागते. पहाटे कामाला गेलेली बाई दुपारी दूध पाजणार असेल तर तिसरी अट पहिल्याच आठवड्यात मोडली. फुकट साधनालाही किंमत असते, आणि ती वेळेत मोजावी लागते.

शरीर सोडून संसाराकडे आलं की माल्थसचं गणित उलटं फिरतं. देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्शात जननदर 2.6 आहे, सर्वांत श्रीमंत हिश्शात 1.6. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांचा 2.8, बारावी आणि पुढे शिकलेल्यांचा 1.8. यावरून "पैसा आला की मुलं कमी" असं सूत्र काढायचा मोह होतो, आणि तो केरळ मोडतो. ऐंशीच्या दशकात केरळचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी होतं, तरी त्या दशकाच्या शेवटी तिथला जननदर 2 च्या आसपास आला होता. हरियाणा कितीतरी श्रीमंत होता आणि कितीतरी मागे होता. फरक कुठे, तर केरळात मुली शाळेत होत्या, दवाखाना चालत जाण्याच्या टप्प्यात होता आणि जन्मलेलं मूल जगेल असा भरवसा होता. राज्याच्या तिजोरीत किती आहे यापेक्षा घराच्या उंबरठ्यापर्यंत काय पोचतं यावर पाळणा ठरतो.

अर्थतज्ज्ञ पार्थ दासगुप्ता यांनी याची दुसरी बाजू मांडली. पाणी आणि सरपण लांब गेलं की घराला जास्त हात लागतात, म्हणून मूल ओझं न वाटता कमावतं वाटू लागतं. साधा हिशोब करा. पाच माणसांच्या घराला माणशी अगदी 20 लिटर धरलं तरी रोज 100 लिटर पाणी लागतं. 15 लिटरच्या हंड्याने सात हंडे. डोक्यावर दोन आणि काखेत कळशी अशी चाल धरली तरी तीन खेपा. विहीर एक किलोमीटरवर, तळ गाठलेली, पोहऱ्यासाठी रांग. एका खेपेला पाऊण तास धरला तर सव्वादोन तास गेले. जलजीवन मिशनचं माप माणशी 55 लिटरचं आहे. ते डोक्यावरून आणायचं तर दिवस मावळेल. हा वेळ घरातून काढायचा म्हणजे थोरल्या मुलीकडून काढायचा. तिची शाळा सुटते. शाळा सुटलेली मुलगी घरात "बसून" आहे असं दिसायला लागलं की स्थळं येतात. मुंबईला पाणी पाजणारे भातसा आणि तानसा हे जलाशय ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या डेंगणमाळात पाणी आणण्यासाठी दुसरी-तिसरी बायको केल्याच्या बातम्या आल्या तेव्हा वाचणाऱ्यांना त्यात नवल वाटलं. नवल कसलं? पाण्याचं अंतर माणसांत मोजायची वेळ आली की एवढंच होतं. एरवी तेच काम मुलं करतात.

म्हणूनच नुसतं साधन हातात देऊन भागत नाही. 1950 च्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांनी पंजाबात, लुधियाना जिल्ह्यातल्या खन्ना भागात घरोघरी गर्भनिरोधक फेसगोळ्या वाटल्या. लोकांनी त्या आदराने घेतल्या. जन्मदर शेजारच्या गावांइतकाच राहिला. नंतर महमूद ममदानी हे अभ्यासक तिथल्या मनुपूर गावाला गेले, तेव्हा एका घरात त्या गोळ्यांचे डबे-बाटल्या रचून केलेली शोभेची वस्तू त्यांना दिसली. शेतकऱ्याला कामाला हात हवे होते. पाहुण्याचं मन मोडायला नको म्हणून गोळ्या घेतल्या, एवढंच. साहेबाला वाटलं, अज्ञान आहे. खरं तर हिशोब होता.

याच्या उलट उदाहरण बांगलादेशातल्या मतलब या ग्रामीण भागाचं. 1975 मध्ये तिथे गावातल्या वयस्क, बहुधा निरक्षर दायांमार्फत गोळ्या आणि निरोध घरोघर वाटले. सुरुवातीला वापर वाढला, पुढे ढेपाळला. कारण गोळीने मळमळलं, पाळी चुकली, मधेच अंगावर गेलं की विचारायचं कुणाला? वाटणाऱ्या बाईलाच माहीत नव्हतं. 1977 मध्ये पद्धत बदलली. सत्तरेक गावांत शिकलेल्या, विवाहित, स्वतः साधन वापरणाऱ्या गावच्याच तरुण बायका नेमल्या. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी फेरी, पिशवीत एकाऐवजी चार-पाच साधनं, त्यात तीन महिन्यांचं इंजेक्शनही. एक सोसलं नाही तर दुसरं. त्रास झाला तर मागे डॉक्टर. उरलेल्या गावांत सरकारी सेवा जशी होती तशी. गरिबी दोन्हीकडे सारखी, शेती सारखी, धर्म सारखा. तरी पुढच्या वर्षांत दोन्हीकडच्या जननदरात बाईमागे साधारण एका मुलाचा फरक पडला आणि तो बरीच वर्षं टिकला. मतलबच्या बायकांना मुलं कमी हवीच होती. त्यांच्याकडे नव्हतं ते दारात येणारं, प्रश्न ऐकून घेणारं माणूस.

आपल्याकडे हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे त्यापायी प्राध्यापकी घालवली. 10 नोव्हेंबर 1938 ला मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव आला. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेलं भाषण पी. जे. रोहम यांनी वाचलं. पुरुषांना बाळंतपणाच्या कळा सोसाव्या लागत्या तर एकापेक्षा जास्त मूल कुणी होऊ दिलं नसतं, असा त्यातला एक मुद्दा होता. ठराव फेटाळला गेला. स्वातंत्र्यानंतर सोयी आल्या, पण त्यांच्याबरोबर उद्दिष्टं आली. 1976-77 या एका वर्षात देशात 82 लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यांतल्या 60 लाखांहून जास्त पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. 1977 च्या निवडणुकीनंतर पुरुषाला हात लावायची एकाही पक्षाची छाती झाली नाही. सगळा भार बाईच्या पोटावर आला. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी पंधरा-वीस मिनिटांची असते, पोट उघडावं लागत नाही. पुढचे तीन महिने निरोध वापरून वीर्यतपासणी केली की झालं. बाईच्या ऑपरेशनला पोटात शिरावं लागतं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर 2014 मध्ये एका शिबिरात काही तासांत 83 बायका उरकल्या आणि 13 दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

आता हे सगळं एका ठिकाणी पाहायचं असेल तर उसाच्या फडात या. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. या एका मोजमापात लग्नाचं वय ठरतं. मुलगा सोळा-सतराचा झाला की त्याचा पूर्ण कोयता करायला बायको लागते. मुलीला घरी एकटी मागे ठेवून सहा महिने जायचं तर आई-बापाच्या जिवाला घोर, म्हणून तिचंही उरकायचं. बीडमध्ये 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 40 टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे; राज्याचं प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास. त्यांना बालविवाहाचे तोटे सांगणारी पथनाट्यं दाखवून काय होणार? उचल जोडप्याला मिळते तोवर लग्न हीच कामाची अट राहणार.

अशा मुलीला पहिल्या बाळंतपणानंतर अंतर ठेवायचं आहे असं समजू. सरकारी यादीत साधनं उत्तम आहेत. "अंतरा" इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, फार तर चार आठवडे उशीर चालतो. तिने सप्टेंबरात गावच्या उपकेंद्रात पहिलं घेतलं, तर दुसरं डिसेंबरात येतं, तिसरं मार्चमध्ये. डिसेंबरात ती कोल्हापूर-सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या फडात असते. तिचं नाव गावच्या आशाताईच्या वहीत आहे, फडाजवळच्या आशाताईच्या वहीत नाही. आरोग्य केंद्र दिवसा उघडतं, आणि दिवसा गेलं की खाडा लागतो. मजुरी जाते आणि वर दंड. चौथा आठवडा निघून जातो. तांबी बसवली, तर पहिले काही महिने अंगावरून जास्त जाणं साहजिक असतं. घरी हे सोसवतं. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, जिथे ना न्हाणी ना संडास आणि पाणी मोजून, तिथे तेच दुखणं होतं, आणि तांबी काढायलाही पुन्हा एक खाडा. "छाया" गोळी त्यातल्या त्यात सोयीची: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. सहा महिन्यांच्या हंगामाला चाळीसच्या आत गोळ्या लागतात, एका पुरचुंडीत मावतील एवढ्या. पण त्या निघण्याआधी एकगठ्ठा द्याव्या लागतील, आणि आमची पुरवठ्याची रीत महिन्याच्या हिशोबाची. दुधाच्या भरवशाचं तर बोलायलाच नको. बाळ कोपीत आणि आई पहाटे चारला फडात.

मग उरतं काय? "दोन झाली ना, ऑपरेशन करूनच जा." आणि ऑपरेशननंतरही अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं थांबलं नाही की पुढची पायरी गर्भाशय काढण्याची. 2019 मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण. अशा बाईचा जननदर कमीच भरणार. तो आपण राज्याच्या यशात मोजतो.

दोन अपत्यांच्या नियमाकडे या फडातून पाहावं. महाराष्ट्रात 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीचं सदस्यपद जातं. 2005 च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तशीच अट घातली. ज्या बाईला सहा महिने एकही साधन मिळत नाही तिला तिसरं झालं, तर गावचं पाणी आणि दवाखाना जिथे ठरतो त्या सभेतून ती बाद. साधन न देणाऱ्याला शिक्षा नाही. आंध्र प्रदेशाने हीच अट 2024 मध्ये काढून टाकली, पण तिथलं कारण मुलं जास्त व्हावीत हे! काठी टाकून गाजर उचललं. हिशोबात बाई तेव्हाही नव्हती, आताही नाही.

शहरातली अडचण उलट्या टोकाची, पण जात तीच. घर, पाळणाघर आणि वेळ यांची टंचाई असली की दुसरं मूल लांबणीवर पडतं. दक्षिण कोरिया 2023 मध्ये 0.72 वर आला, तोही रोख बक्षिसं देऊन-देऊन. आपल्याकडे 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पण तिचा पगार बहुतांशी मालकाने सोसायचा; त्यामुळे लग्नाच्या वयाची मुलगी नोकरीवर घेतानाच हात आखडतो. आणि ज्यांना मूल हवं असून होत नाही त्यांचं तर धोरणात नावही नसतं. गर्भनलिका बंद होण्यामागे आपल्याकडे क्षयरोग हे मोठं कारण आहे. तो वेळीच सापडला तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात; नलिका खराब झाल्यावर मात्र खासगी केंद्रातला लाखांचा खर्च.

फडापुरतं बोलायचं तर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं स्वस्त आहे. बाळंतिणीकडे आशाताईच्या तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या फेऱ्या असतातच. शेवटच्या फेरीत साधनाची निवड आणि हंगामाचा पत्ता दोन्ही लिहून घ्यावं. अंतराचं कार्ड राज्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात चालावं. छायाच्या गोळ्या सहा महिन्यांच्या एकदम द्याव्यात. उचल एकेकट्याच्या नावाने व्हावी, बाईची तिच्या खात्यात. पैशाचं म्हणाल, तर ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलेलं आहे. दहा कोटी टन गाळप झालं तर कारखान्यांचेच शंभर कोटी होतात. कारखाने दोनशेच्या आसपास. म्हणजे प्रत्येकामागे हंगामाला पन्नास लाख. एवढ्यात संध्याकाळी सातनंतर कोप्यांवर जाणारी एक नर्स, तिची गाडी, पाण्याचा टँकर आणि फडाच्या बांधावरचं पाळणाघर बसतं.